तुळसा घरी जात नाही

सुदर्शननं ठरल्याप्रमाणे हात पुढे केला आणि म्हणाला, "तुळसा, चल घरी. आईनं माफ केलंय तुला."

नांदेडचं ते सभागृह बायांनी भरलं होतं. कुणी शाळा, ऑफिस सुटल्यावर थेट आलेल्या, कुणी बिलोलीकडून एस.टी.नं. मालिकेचे प्रेक्षक गळत चालले होते, म्हणून चॅनेलनं हा घाट घातला होता. तुळसाचं सासरी परतणं मुंबईच्या सेटवर न करता इथं, लोकांसमोर करायचं आणि तेच रविवारच्या खास भागात दाखवायचं. तुळसानं नवऱ्याच्या, म्हणजे त्याचं काम करणाऱ्या सुदर्शनच्या, पाया पडायचं, वरून फुलं पडायची, पहिल्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसायचे. त्यासाठी त्यांना रुमाल वाटले होते.

तुळसाचं काम करणारी वर्षाराणी मूळची बिलोलीची. मालिकेतली तुळसा लातूरच्या डाळ मिलमध्ये कामाला लागली, अडत्यांशी भांडली, मग तिनं स्वतःची छोटी मिल काढली. तोवर लोक ताटं घेऊन टीव्हीसमोर बसत होते. पुढं मिलला कुलूप लागलं. सासूनं तुळसाला घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती देवळाच्या पायरीवर, दवाखान्यात, रस्त्यावर, नुसती रडत होती. तिची बोलीही कुणीतरी हळूहळू पुसून टाकली होती. वर्षाराणीच्या आईनंसुद्धा बघणं सोडलं. त्या वेळेला मी कणीक मळून घेते, असं तिनं फोनवर सहज सांगितलं होतं.

सकाळी हॉटेलवर वर्षाराणीनं हे सगळं आलोकच्या कानावर घातलं होतं. आलोक चॅनेलचा माणूस, मालिका सावरायला मुद्दाम पाठवलेला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की पाहणी झाली आहे, बायकांना कुटुंब एकत्र आलेलं बघायचंय. कुठल्या बायकांना विचारलं, असं तिनं विचारल्यावर तो हसला आणि त्यानं चहा मागवला.

आता तिनं वाकायचं होतं.

तिची नजर सभागृहावर गेली. मधल्या रांगांत कुणी मोबाइल बघत होतं, कुणी पोराला बिस्किट भरवत होतं. दोघी शेवटच्या बसचं बोलत होत्या. तिला त्यांचा राग आला नाही. तिथं बसली असती तर तिनंही हेच केलं असतं.

"घरी म्हंजे कुनाच्या?" ती म्हणाली.

सुदर्शन गडबडला. हे वाक्य संहितेत नव्हतं.

"आन् माफी कशाची? म्या मिल चालवली. चोरी न्हाई केली."

पडद्याआडून आलोक दोन्ही हातांनी थांबायची खूण करत होता. सुदर्शनला ती दिसली. पण तो मुळात नाटकातला नट होता, समोरून आलेलं वाक्य खाली पडू देणं त्याला जमत नसे. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर."

"लोक समोरच बसलेत. इचार त्यांना."

तो खरोखरच वळला आणि सभागृहाकडे बघत राहिला. मग मागच्या बाजूला एक वयस्क बाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"तिनं कामून जावं? त्येलाच यायचं आसंल तर यिऊ द्या की मिलवर."

सभागृह हसलं. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. सासूचं काय, कुलपाची किल्ली कुणाकडं, हिच्या नावावर मिल होती की नव्हती. एक मास्तरीण खुर्चीवरून उठून शेजारणीला कायदा समजावत होती. हाताहातांतले मोबाइल वर झाले. त्या गलक्यात वर बसलेल्या माणसाला वाटलं की आपली वेळ झाली. त्यानं फुलं सोडली. ती दोघांपासून लांब, रिकाम्या जागेवर पडली आणि पडदा ओढला गेला.

आत आलोक तिच्याजवळ आला. आवाज चढवला नाही. हे दाखवलं जाणार नाही, असं त्यानं सांगितलं. अर्ध्या सभागृहानं ते मोबाइलवर घेतलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. तुळसाला लातूरच्या रस्त्यावर ट्रक उडवेल, उद्यापासून सेटवर यायची गरज नाही, हेही त्यानं सांगितलं.

वर्षाराणी बांगड्या उतरवत होती.

"मारा," ती म्हणाली. "पन पाया पडून न्हाई मरनार ती."

आलोक काही बोलणार तोच मागचं दार ढकललं गेलं. बाया आत शिरल्या. सगळ्यांच्या पुढं ती मघाची म्हातारी होती. केवळाबाई म्हणून कुणीतरी तिला मागून हाक मारत होतं, बस चुकंल म्हणत होतं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. फोटोही मागितला नाही.

"मंग आता फुडं काय व्हनार?" तिनं विचारलं.

वर्षाराणीनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. वर्ष झालं असेल, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मला न्हाई ठावं, मावशी. हे साहेब ठरवतेत."

सगळ्या बायांनी आलोककडे बघितलं.

"सांगा की, साहेब," केवळाबाई म्हणाली, आणि दिव्यांच्या लोखंडी पेटीवर पदर सावरून ऐसपैस बसली.