मावेल तेवढी लेक

"पाचला दोन्ही कंपन्यांची जोडणी तुटेल, शिरोडकर," सर्व्हर सांभाळणाऱ्या बोधेबाई म्हणाल्या. "मग बायकोच्या कंपनीत ठेवलेलं तुम्हाला आठवणार नाही."

जागा वाचवायला नवरा-बायकोनं वारलेल्या लेकीच्या सगळ्या आठवणी मृणालच्या कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवल्या होत्या. शिरोडकर तिथूनच आठवायचा.

"थोड्या इकडे घ्या ना, बाई."

"तुमच्या हुद्द्याला वीसच मिनिटांची जागा. फाईल कापता येत नाही. बारसं तीन तासांचं, सहल सहा. मावतेय ती एकच, हॉस्पिटलमधली शेवटची."

फोनवर मृणाल किंचाळली, "ती नको रे! त्यापेक्षा विसर तिला!"

"तीच द्या," शिरोडकर म्हणाला.

पाच वाजले. मग त्यानं फोनवर हळूच विचारलं, "मृणाल, ही कधी हसायची का गं?"