मैनेचा नकार

मैना घोडीच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचा दिवा सकाळपासून तांबडा होता. म्हणजे तिचा पाय दुखत होता आणि पाठीवर माणूस घ्यायची तिची तयारी नव्हती. जनावराचा असा नकार आता कायद्याने मानावा लागे. फक्त मालकाने दिव्यावर अंगठा टेकवला, की पट्टा औषध टोची, दुखणं बधिर होई आणि दिवा हिरवा होई. माथेरानच्या घोडेतळावर सगळेच चहाआधी अंगठा टेकवून मोकळे होत.

ठकूबाई ढेबे मात्र मैनेच्या पायावर गार पाणी ओतत बसली होती.

"मावशी, गिऱ्हाईक खोळंबलंय," मुकादम नवनाथ म्हणाला. "ही तिसरी फेरी चुकतेय. तळावरची जागा जाईल तुझी. टेकव अंगठा."

"बधिर पायानं उतारावर धावंल आणि पाय मोडून घेईल ती."

शेजारचा घोडेवाला इब्राहिम हसला. "जेवतेस पण घोडीला विचारून का गं, मावशी?"

"तिच्या जिवावर जेवते, म्हणून विचारते."

नवनाथने तिचा हात धरून दिव्याकडे ओढला. ठकूबाईने मूठ आवळली.

"अंगठा लावायचं मी साठाव्या वर्षी सोडलं रे. नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले. काय ते लिहून देते."

त्याने चिडून वही पुढे केली. तिने मांडी घालून, एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'मैना नाही म्हणते. मी पण नाही म्हणते. जागा काढून घ्या.' खाली पूर्ण नाव लिहिलं.

मग तिने खोगीर उतरवून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि मैनेच्या लंगड्या चालीने दोघी सावकाश घराकडे निघाल्या.