चेकिंग

संध्याकाळच्या प्रार्थनेला शांतवन दोन्ही मुलींना बायबलातली सृष्टीची गोष्ट सांगत होता. देव रोज काहीतरी घडवायचा, मग ते निरखून बघायचा आणि चांगलं झालंय म्हणायचा.

"म्हंजे देव पण तुमच्यावाणी चेकिंगला हाय?" धाकट्या सालोमीनं विचारलं. शांतवन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार बोल्ट तपासायचा.

त्याला गंमत वाटली. "व्हय. पण आमच्याकडं बनवणारा एक अन् तपासणारा दुसरा. तिथं दोन्ही कामं त्याचीच."

"मग त्याच्या नजरेतून एखादा खराब पीस सुटत असंल की."

"कधीच नाय."

"माणसं पण तपासली त्यानं?"

"सगळी. एकूण एक."

सालोमीनं जन्मापासून वाकडा असलेला आपला डावा पाय हातानं उचलून मांडीवर घेतला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तो नीट बघितला, अगदी शांतवन बोल्ट बघतो तसा.

"पप्पा, मग औरंगपुऱ्यातल्या टेलरला ताईचा नाताळचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत सांगितला, अन् माझाच पार खालपर्यंत का?"