सातवी भिंत

कालच्या बोटीने आलेला तो माणूस टेकडीवर पुन्हा शेतांमधल्या एका दगडी भिंतीशी थांबला. अनेझोने पायऱ्यांना चुना द्यायचा कुंचला बादलीत टाकला.

"पर्यटक आहे गं, मावशी," कॉफीवाला माथिऑस खुर्च्या रंगवता रंगवता म्हणाला.

"एप्रिलात? खाणावळी बंद, समुद्र गार. आणि हा सकाळपासून भिंती मोजतोय. बोटांवर."

"तुझ्यावर डोळा असेल त्याचा."

"माझ्यावर नाही, शेतावर."

टेकडीवरचं ते शेत आणि त्यातलं घराण्याचं चिमुकलं चर्च. अर्धं तिचं, अर्धं तिच्या भावाचं, झानिसचं. तो चाळीस वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला, तेव्हापासून सगळं तीच कसत होती. गेल्या वर्षी अथेन्सचा एक हॉटेलवाला कागदांची चौकशी करून गेला होता.

ती अंतर ठेवून मागे निघाली. माणूस चर्चपाशी पोचला, आणि इकडेतिकडे न बघता त्याने खिडकीवरच्या कौलाखाली हात घातला. चावी काढली.

ती जागा दोघा भावंडांनाच माहीत होती.

ती दाराशी आली तेव्हा आत दिवा लागला होता. तेल घातलेलं, वातीची काजळी नीट कापलेली.

"चावी कुठे असते हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी." त्याचं ग्रीक अडखळत होतं. "तुम्ही अनेझो आत्या?"

ती हो म्हणाली नाही. "झानिस का नाही आला?"

"फेब्रुवारीत गेले. तिथे माझ्या नावाने एक दिवा लाव, म्हणाले होते." तो बाहेर येऊन उताराकडे बघत राहिला. "बाबा सांगायचे, गावापासून सात भिंती. सातवीच्या अलीकडे आत्याचं, पलीकडे आपलं. मी तीनदा मोजल्या. सहाच भरतात."

"पडली असेल," अनेझो म्हणाली. "इथे वारा फार."

तिने खालच्या आपल्या गोठ्याकडे बघायचं टाळलं. त्याचा चुना नवा होता, दगड जुने.

"असेल," तो म्हणाला. त्याने दार लावलं, चावी कौलाखाली होती तशी ठेवली आणि उतरू लागला.

तो दिसेनासा झाल्यावर तिने चावी काढली आणि दुसरी जागा शोधू लागली. उंबऱ्याखालची फट. घंटेमागचा कोनाडा. बदामाच्या बुंध्यातली ढोली. एकही जागा अशी सापडेना, जी तिला झानिसने दाखवली नव्हती.