देवाशी अबोला

"त्याला सांग, पाय आजही ठणकतोय," रंगारी कॉटवरून म्हणाला. "आणि सांग, काल डोळ्याला डोळा लागला नाही."

बायको खिडकीपाशी गुडघ्यांवर होती. तिनं हात जोडले, डोळे मिटले. "प्रभू, ह्यांचा पाय बरा कर. ह्यांना झोप लागू दे. येशूच्या नावानं मागते, आमेन."

"मी काही मागितलं का?" रंगारी भडकला. "मी तक्रार केली. तक्रारीची विनंती करू नकोस. सांगितलं तेवढं सांग."

"बरं," म्हणून बायकोनं पुन्हा डोळे मिटले आणि तक्रार तक्रारीसारखी पोचवली.

रंगाऱ्याचा देवाशी अबोला होता. आठ महिने झाले होते. कारणही तसंच सणसणीत होतं. शिडीवरून तो पडला, ते काही कुणा श्रीमंताच्या बंगल्यात नव्हे. चर्चचं छत रंगवताना पडला, आणि तेही फुकट. तीन आठवडे मान वर करून एकट्यानं अर्धं छत पांढरंशुभ्र केलं, आणि शिडी सटकली. खुबा मोडला. "परक्यांच्या घरी पंचवीस वर्षं चढलो, साधं खरचटलं नाही," तो येईल त्याला ऐकवायचा. "आणि ह्याच्या घरात, ह्याच्याच कामावर हे असं." चर्चचे पाळक भेटायला आले. जाताना त्यांनी विचारलं, प्रार्थना करू या का? "तुम्ही करा की," रंगारी म्हणाला. "तुमचं कुठं त्याच्याशी बिनसलंय?"

या घरात अबोल्याचे नियम पक्के होते. नवराबायकोचं वाजलं की बोलणं बंद, निरोप मात्र चालू. मुलगी सासरी जाईपर्यंत ती बिचारी मधे उभी राहायची. बाबांना सांग, साबण संपलाय. आईला सांग, मला डोळे आहेत. देवाच्या बाबतीतही रंगाऱ्यानं हाच नियम लावला. रोज सकाळी सहाला, लाँड्रीत इस्त्रीच्या कामावर जाण्याआधी बायको प्रार्थनेला बसायची आणि हा पडल्या पडल्या निरोप द्यायचा. एकही दिवस चुकला नाही. ताप आला तेव्हा त्यानं तापाचा निरोप दिला. एकदा बायकोला जाग आली नाही, तर ह्यानंच काठी आपटून तिला उठवलं. "ऊठ, त्याला सांगायचं राहिलंय."

चर्चमधल्या बायका हळहळायच्या. नवरा हातचा गेला, पण हिचा विश्वास बघा, म्हणायच्या. बायको नुसती हसायची आणि घरी यायची.

मग डॉक्टरांनी खुब्याचा शेवटचा एक्स-रे फोटो काढला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "शिडी विसरा आता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गुडघ्यांवर बसली. हात जोडून थांबली.

"काय सांगू?" तिनं विचारलं.

"काही नाही." रंगारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. "आता निरोपही बंद. शिडी गेली, आता कसली तक्रार आणि कसलं काय. संपलं आमचं."

बायको उठली नाही. "असं नका हो करू. काहीतरी द्या. शिवी द्या, तीही पोचवते."

"माझं कशाला पाहिजे तुला? तुझं तुझं बोल की. तुमचं दोघांचं बरं चाललंय."

"कुठलं बरं?" बायकोचा आवाज फाटला. "तुम्ही पडलात त्या दिवसापासून मला त्याच्याशी स्वतःचा म्हणून एक शब्द बोलवत नाही. तुमचा निरोप असतो, म्हणून रोज इथं येऊन बसते. नाहीतर केव्हाच उठले असते."

रंगारी वळला. शिडी सटकली तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. हिचं देवाशी सरळ आहे, या भरवशावर तर तो आठ महिने बिनघोर रुसून बसला होता. आता मधे कुणीच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिची फार दया आली.

तो काठी घेऊन उठला. चार पावलं टाकायची होती, तेवढ्यात दोनदा थांबला. गुडघे टेकायचा प्रयत्न केला, पण खुबा वाकेना. शेवटी त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. ती रडत होती. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, घसा खाकरला आणि डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, "आपला अबोला आहे तसाच आहे. मी हिच्याबद्दल बोलायला आलोय."