गुरुवारची अजान

हुसेनने कप उचलला, नाकाशी नेला आणि वेलदोड्याचा वास येताच परत ठेवला. कप तय्यबच्या टेबलावर, ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांमागे सापडला होता. तळाचा चहा अजून कोमट होता, आणि दिवस रमजानचे होते.

"तय्यब, ये क्या है?" हुसेन कंपनीचा ओमानी मॅनेजर. इतकी वर्षं हिंदुस्थानी लोकांत काढल्यावर हिंदी त्याच्या तोंडी बसली होती.

तय्यबने कपाकडे पाहिलं, आणि समोरच्या टेबलावरच्या कृष्णकांतकडे. कृष्णकांतने प्लॅनमध्ये मान घातली. स्केल जिन्याच्या रेषेवर ठेवून तो उगाचच माप घेत राहिला.

कप त्याचाच होता. डोकं ठणकत होतं. खाली पॅन्ट्रीत दार लावून चहा प्यायची बिगरमुसलमानांना मुभाही होती, पण जिना उतरायचा आळस नडला. थर्मासमधला चहा त्याने इथेच ओतून घेतला, आणि बाहेर पावलं वाजली तशी कप हाताला येईल तिथे सरकवला. तय्यब तेव्हा नमाजाला गेला होता.

"मेरा नहीं है," तय्यब म्हणाला.

"तबियत ठीक नहीं तो बोल दो. बीमार को माफ है." हुसेनने आवाज चढवला नाही. माणूस चांगला होता, हीच पंचाईत.

"बीमार नहीं हूँ. रोजा है मेरा."

कप ज्याच्या टेबलावर, चहा त्याचा, असा त्याचा सरळ हिशेब. "खलास," तो म्हणाला. "आज अजान कोई और देगा." आणि तो जिना उतरून गेला.

दर गुरुवारी कंपनीच्या आवारात सगळ्यांना इफ्तार असे, आणि अजान तय्यबच देई. दापोलीकडचा हा साधा ड्राफ्ट्समन, पण आवाज असा की हिंदू, ख्रिस्ती मंडळीही हातात खजूर धरून ऐकत राहायची. ओमानी लोकांनी कोकणातल्या माणसाला दिलेला तो मान होता. गावी फोन लागला की तय्यबची आई आधी गुरुवारच्या अजानचीच चौकशी करायची.

"अरे, तू नाव का नाही घेतलंस माझं?" कृष्णकांतने हळू आवाजात विचारलं.

"रोज्यात चुगली करू? मग दिवसभर उपाशी कशाला राहिलो?" तय्यब गुंडाळ्या नीट लावत म्हणाला. "आणि कांत, तोंड तुलाही होतं."

"मी बोलतो ना हुसेनशी. उद्या. शांतपणे."

"उद्या शुक्रवार. ऑफिस बंद. आणि अजान आजची गेली."

कृष्णकांत पुन्हा प्लॅनकडे वळला. गेल्या रमजानात एकजण कंपनीच्या गाडीत भरदिवसा समोसा खाताना सापडला होता. कोणी त्याला चकार शब्द बोललं नाही, फक्त ईदनंतर त्याचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कृष्णकांतचंही ईदनंतरच संपत होतं. मुलगा निशांत दहावीला होता. अशी कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत.

आवारात चटया अंथरल्या होत्या. बातमी जिन्यावरून त्यांच्या आधीच खाली पोचली होती. एरवी तय्यबच्या शेजारी बसायला चढाओढ व्हायची, आज त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि चोर समोरच्या चटईवर मांडी घालून बसला होता.

सूर्य पलीकडच्या खुवैर वस्तीतल्या इमारतींमागे गेला. एका पोरसवदा ड्रायव्हरने घाबरत घाबरत अजान दिली. मधेच त्याचा आवाज फाटला, तशी दोघंतिघं तय्यबकडे वळून पाहू लागली. तय्यबने खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि उठून थेट हुसेनच्या दिशेने निघाला.

कृष्णकांत त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. रोजा सुटला होता. आता बोलायला तय्यबला काय हरकत होती?

तय्यबने हुसेनशेजारचा पाण्याचा जग उचलला. तसाच माघारी आला आणि चटईवरचे पेले भरू लागला. कृष्णकांतचाही भरला.

कृष्णकांतला हायसं वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी त्या हायसं वाटण्याचीच त्याला किळस आली. पेला तोंडाला लावायची हिंमत झाली नाही.

मंडळी नमाजाला उभी राहिली. कृष्णकांत भिंतीशी थांबला. तय्यब सगळ्यात मागच्या रांगेत, एका टोकाला होता. नमाज संपला, भाताचे मोठे थाळे आले, तसा कृष्णकांत हुसेनपाशी गेला आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "हुसेनभाई, वो चाय मेरी थी. तय्यब का रोजा है."

हुसेनने हातातला घास थाळ्यात परत ठेवला.

"अजान हो गई, तब बोलते हो?"

कृष्णकांतने तय्यबच्या चटईकडे पाहिलं.

"मैंने उसको सबके सामने बिठा दिया," हुसेन म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता. "मेरे कान में बोलने से क्या होगा? सबको बोलो."

तो उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली. बोलणी थांबली, हात थाळ्यांवरच राहिले. सगळी तोंडं कृष्णकांतकडे वळली.

"चाय," कृष्णकांतने सुरुवात केली. "तय्यब के टेबल पे जो चाय मिली..."

पलीकडच्या चटईवर तय्यबने मान खाली घातली, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.