पंख्याचे रविवार

"सोडा!" म्हणत मंगलाबाईंनी मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं आणि यादवरावांनी गाडी नांदुरीच्या घाटाला लावली.

पंखा बसवल्यानंतरचा हा पहिला रविवार. पंखा म्हणजे इलेक्ट्रिक सुपरचार्जर. तो बॅटरीवर फिरतो, इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि जुनी गाडीही घाट चुटकीसरशी चढते, असं ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं. जावई मनोज सिन्नरच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने आधीच सांगितलं होतं, "मामा, इंजिन स्वतःच याच्यापेक्षा जास्त हवा ओढतं. हा नुसती बॅटरी खाईल."

"तुम्ही पुस्तकं उघडलीत मनोजराव, मी मशिनं उघडलीत," असं सासऱ्यांचं उत्तर.

घाट चढून गडावर पोचायला चोवीस मिनिटं लागली. पंख्याआधीही चोवीसच लागायची.

परतीच्या वाटेवर यादवराव एक शब्द बोलले नाहीत. मंगलाबाईंना मागचे महिने आठवले. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर हा माणूस चार महिने खिडकीशी मुका बसून होता. पंख्याचं खोकं आलं आणि वाचा फुटली. आता पंखा हरला, तर पुन्हा ती खिडकी. नवरा असा मिटलेला त्यांना बघवत नव्हता.

पुढच्या रविवारी डबा ठेवायच्या निमित्ताने त्यांनी डिकीतली हत्यारांची जड पेटी काढली आणि दिवाणाखाली सरकवली. घाटात तेवीस मिनिटं लागली.

"बघितलंत? रुळला तुमचा पंखा!"

यादवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हसले. "रुळला खरा."

"पण त्याचा आवाज येईना हो आता."

"नवेपणी करतात आवाज. मग गप होतात. नवऱ्यांसारखे."

त्यानंतर पाण्याचा कॅन गेला, जॅक गेला, शेवटी स्टेपनीही गेली. वेळ एकवीसवर आली. मंगलाबाई कॉलनीभर आकडे सांगत सुटल्या. गेल्या कित्येक वर्षांत नवराबायको इतकं बोलले नव्हते, आणि हे त्या दोघांनाही कळत होतं. मनोजने एकदा बॉनेटला हात घातला, तर यादवराव "गरम आहे!" म्हणत आडवे आले. जावयाने निमूट हात मागे घेतला.

सहाव्या रविवारी तिसऱ्याच वळणावर टायर बसला. यादवरावांनी उतरून डिकी उघडली. आत पोळीभाजीचा डबा तेवढा होता.

"मंगल, स्टेपनी कुठंय?"

मंगलाबाईंना रडूच फुटलं. "मीच काढली. पेटी, जॅक, सगळं मीच काढलं. गाडी हलकी झाली की वर पळते ना. तुमचा पंखा हरला असता, तर तुम्ही परत त्या खिडकीत जाऊन बसला असता. मला नसतं सोसलं हो ते."

यादवराव कठड्यावर मटकन बसले. डोळे पुसावेत की हसावं, हे त्यांना कळेना.

"तरीच! महिनाभर हेच कोडं मला झोपू देईना. तुझा आनंद मोडवेना, म्हणून बोललो नाही मंगल... पंखा मी पहिल्याच सोमवारी काढून माळ्यावर टाकलाय."